मराठी ख्रिस्ती घरातील मुलग्यांचे संगोपन : टिळक कुटुंबाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

मराठी कुटुंबजीवनाविषयी आजवर विपुल लेखन झालेले आहे. एकत्र कुटुंब, त्याचे विघटन, सासुरवास, विधवांचे जिणे, शेतकरी कुटुंबातील श्रमविभागणी अशा अनेक अंगांनी समाजशास्त्राच्या व साहित्याच्या अभ्यासकांनी या विषयाचा मागोवा घेतला. मात्र या सर्व अभ्यासांत मराठी ख्रिस्ती कुटुंब बहुधा तळटीपेत राहिले. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही किंचित कमी होती. तीही प्रामुख्याने मुंबई, ठाणे, वसई, पुणे व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या भागांत एकवटलेली आहे. परभणी जिल्ह्यात ती अत्यल्प असून पालमसारख्या तालुक्याच्या गावी वाढणाऱ्या विद्यार्थ्याला ख्रिस्ती घराची ओळख होते ती मुख्यतः लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'तील पाठ्यपुस्तकात आलेल्या उताऱ्यांमधून. ही ओळख विनोदी प्रसंगांपुरतीच मर्यादित राहते. त्या प्रसंगांमागे एका मुलाच्या संगोपनाचा किती बिकट प्रश्न उभा होता, हे सहसा ध्यानात येत नाही.

वस्तुतः मराठवाड्याला हा विषय अगदीच परका नाही. शेजारच्या जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'बेथेल' नावाची ख्रिस्ती वसाहत वसविली. त्यासाठी निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळाली होती. वसाहतीतील बहुसंख्य कुटुंबे मांग व महार समाजांतून आलेली होती. पुढे १९८१ मध्ये जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा परभणी जिल्ह्यातील परतूर तालुका त्यात गेला. म्हणजे ज्या भूभागाविषयी आपण बोलत आहोत तो फार दूरचा नव्हे.

ख्रिस्ती घरात मुलगा वाढविणे म्हणजे नेमके काय, तो कोणाचा मानला जातो, आणि त्याच्याकडून कशाची अपेक्षा केली जाते, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात टिळक कुटुंबाला मध्यवर्ती ठेवून केलेला आहे.

'पुत्र' या कल्पनेला लागलेला धक्का

पारंपरिक हिंदू घरात मुलाच्या जन्माला जे महत्त्व आहे, त्यामागे केवळ वंशाभिमान नाही. पिंडदान, श्राद्ध, तर्पण ही कर्मे पुत्राने करावयाची असतात. त्याच्यावाचून पितरांना गती नाही, ही धारणा शतकानुशतके दृढ झालेली होती. अशा घरातील एखादा तरुण ख्रिस्ती झाला म्हणजे घरच्यांचा जो आक्रोश होई, तो समजून घ्यायचा तर ही धारणा लक्षात घेतली पाहिजे. मुलगा जिवंत असूनही आई-बापांच्या दृष्टीने तो मेलेला असे, किंबहुना मेल्याहून वाईट. कारण मेलेल्या मुलाचे क्रियाकर्म तरी करता येई.

नारायण शेषाद्री यांच्याच कुटुंबात हा प्रसंग ओढवला. १८४३ मध्ये मुंबईत नारायण यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत त्या वेळी साधारणतः बारा वर्षांचा होता व तोही मिशनऱ्यांच्या आश्रयास राहिला. वडिलांनी मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि न्यायालयाने मुलगा वडिलांच्या स्वाधीन करविला. प्रश्न एवढ्यावर मिटला नाही. ज्याने मिशनऱ्यांच्या घरी अन्नपाणी घेतले, त्या मुलाला घरात घ्यावयाचे कसे? 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांनी श्रीपतला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे या मताचा पुरस्कार केला आणि त्यावरून मुंबईतील ब्राह्मण समाजात मोठा वाद माजला. जांभेकरांनाही सनातन्यांचा रोष पत्करावा लागला.

हे प्रकरण सामान्यतः धर्मांतराच्या इतिहासात किंवा जांभेकरांच्या सुधारकी भूमिकेचा पुरावा म्हणून सांगितले जाते. त्यातील मुलगा मात्र विस्मृतीत जातो. बारा वर्षांच्या मुलावर एकीकडून वडील, दुसरीकडून थोरला भाऊ व गुरू, तिसरीकडून न्यायालय आणि चौथीकडून जात असा चहूबाजूंनी हक्क सांगितला जात होता. 'ख्रिस्ती घरातील मुलगा' हा विषय न्यायालयाच्या दारात उभा राहिला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

याच काळात मतांतर केलेल्या मंडळींना आपल्या घरांची घडी नव्याने बसवावी लागत होती. बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांनी १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतला. 'यमुनापर्यटन' (१८५७) या कादंबरीमुळे ते मराठी वाचकांना परिचित आहेत. परंतु त्यांनी चालविलेल्या नियतकालिकांत 'कुटुंबमित्र' या नावाचेही एक होते, ही गोष्ट सहसा नोंदविली जात नाही. ज्या समाजाला आजी-आजोबा, मामा, आत्या यांचा आधार एका दिवसात तुटला होता, त्याला छापील 'कुटुंबमित्रा'ची गरज भासावी हे स्वाभाविकच होय. मूल आजारी पडले तर काय करावे, त्याला कोणत्या गोष्टी सांगाव्यात, झोपताना काय म्हणवून घ्यावे, हे सांगणारी वडीलधारी बाई आता घरात नव्हती.

दत्तू : दोन घरांमधील मुलगा

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या बालपणाकडे पाहिल्याशिवाय त्यांच्या पितृत्वाचे आकलन होत नाही. त्यांचे वडील वामनराव अत्यंत तापट, तर आई जानकीबाई काव्याची आवड असलेल्या. आईचे निधन झाले तेव्हा टिळक अकरा-बारा वर्षांचे होते. त्यानंतर ते घर सोडून निघाले व नाशिकला विद्यार्जनासाठी राहिले. बापाच्या धाकातून पळालेला मुलगा पुढे स्वतः बाप झाला, तेव्हा त्याने तो धाक आपल्या घरात शिरू द्यावयाचा नाही असा प्रयत्न केला. मात्र वडिलांचा संताप त्याच्या रक्तातून गेला नाही. 'स्मृतिचित्रे'मध्ये टिळकांचे रागावणे, तडकाफडकी घराबाहेर पडणे आणि काही वेळाने तितक्याच सहजपणे विरघळणे यांची वर्णने ठिकठिकाणी आढळतात. लक्ष्मीबाईंनी ती नवऱ्याचा मुलाहिजा न ठेवता लिहिली, हे त्यांचे मोठेपण होय.

लक्ष्मीबाई (१८६८–१९३६) यांचे माहेर गोखल्यांचे. त्यांच्या वडिलांचे सोवळे इतके पराकोटीचे की धान्य, मीठ, साखर यांसारखे जिन्नसही धुऊन घेतले जात. मीठ व साखर धुतल्यावर हाती काय उरणार, हा विचार सोवळ्यापुढे फिका होता. अशा घरात वाढलेल्या मुलीच्या पदरी पुढे ख्रिस्ती घर चालविण्याची जबाबदारी आली.

टिळक दांपत्याची आधीची अपत्ये दगावली होती. १८९१ च्या सुमारास जन्मलेला देवदत्त, म्हणजेच दत्तू, हाच वाचलेला मुलगा. १८९३ मध्ये रेल्वेच्या प्रवासात अर्नेस्ट वॉर्ड या अमेरिकन मिशनऱ्याने टिळकांना बायबलची प्रत दिली आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबई येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. दत्तू तेव्हा जेमतेम चालू-बोलू लागलेल्या वयाचा होता. लक्ष्मीबाईंवर या वार्तेने आकाश कोसळले. त्यांनी पहिली कविता लिहिली ती याच दुःखातून.

यानंतरची चार-साडेचार वर्षे हा मराठी कुटुंबेतिहासातील एक विलक्षण कालखंड मानावा लागेल. लक्ष्मीबाई दत्तूला घेऊन बहिणीच्या आधाराने पंढरपूर येथे राहिल्या. वडील ख्रिस्ती, आई हिंदू, आणि मूल विठोबाच्या नगरीत. पतिपत्नींचा पत्रव्यवहार सुरू होता व त्यातील काही पत्रे पद्यात होती. टिळकांनी मनात आणले असते तर कायद्याचा बडगा उगारणे त्यांना अशक्य नव्हते. १८५० च्या जातिनिर्बंध निवारण कायद्याने धर्मांतर केलेल्या व्यक्तीचे वारसा व अन्य हक्क अबाधित ठेवले होते, आणि त्या काळच्या विचारसरणीनुसार अल्पवयीन मुलावर पहिला हक्क बापाचाच समजला जाई. श्रीपतच्या वेळी न्यायालयाने वडिलांच्या बाजूने कौल दिला होता. इथे वडील स्वतःच ख्रिस्ती होते. तथापि टिळकांनी तो मार्ग धरला नाही. त्यांनी वाट पाहिली. तापट माणसाने दाखविलेला हा धीर त्यांच्या कवितांइतकाच मोलाचा आहे, असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

पुढे लक्ष्मीबाई दत्तूसह अहमदनगरला आल्या, त्या आपला धर्म सोडण्यासाठी नव्हे. सुरुवातीस त्या वेगळ्या राहिल्या. आपले पाणी, आपली चूल, आपले सोवळे त्यांनी सांभाळले. एकाच कुटुंबात दोन स्वयंपाकशिस्ती नांदत होत्या आणि मुलगा दोन्हीकडे वावरत होता. मुलांना सोवळे-ओवळे समजत नाही, हे प्रत्येक घरातील आईला ठाऊक असते. ज्याला जिथे हाक मारली तिथे तो जातो व जे हातावर ठेवले ते खातो. घरातील ही सीमारेषा मोठ्यांच्या तात्त्विक चर्चेपेक्षा मुलाच्या पायांनीच अधिक पुसली गेली असावी. पुढे जातिभेद हा देवाचा नसून माणसाचा आहे, हा विचार लक्ष्मीबाईंच्या मनात स्वतंत्रपणे उगवला आणि त्यांनी कोणाच्याही हातचे अन्न-पाणी घेण्याचा निश्चय केला. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. येथे क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. त्यांच्या बाबतीत जात आधी गेली आणि धर्म नंतर बदलला. स्वयंपाकघराचा दरवाजा उघडला, मग देवघराचा.

नाव बदलावयाचे कारण पडले नाही, हीदेखील एक लहानशी पण अर्थपूर्ण बाब. 'देवदत्त' म्हणजे देवाने दिलेला. कोणत्याही धर्माच्या बापाला हे नाव चालावे. अहमदनगर-जालना भागांतील अनेक ख्रिस्ती घरांत शमुवेल, योहान, दानिएल, शिमोन अशी नावे व गायकवाड, साळवे, भोसले अशी आडनावे एकत्र नांदतात. वसईकडील कॅथलिक घरांत पोर्तुगीज काळापासून आलेली डाबरे, रॉड्रिग्ज, लोपीस ही आडनावे आहेत आणि घरात बोली सामवेदी किंवा वाडवळी. टिळकांनी मात्र आडनाव, पोशाख, भाषा, यांतील काहीही टाकण्यासारखे मानले नाही.

भरलेले घर आणि रिकामे डबे

टिळकांचे घर चार भिंतींत मावणारे नव्हते. मराठी माणसाच्या स्मरणात 'छप्पनचा दुष्काळ' म्हणून राहिलेल्या १८९९–१९०० च्या दुष्काळात व त्याच सुमाराच्या प्लेगमध्ये अनाथ झालेल्या मुलांना या घराने आसरा दिला. दत्तू व कन्या तारा यांच्या ताटांशेजारी आणखी किती ताटे मांडावयाची, हे सकाळी सांगता येत नसे. टिळक हाती असलेला पैसा वाटून टाकीत. घरात काय आहे याची चौकशी ते नंतर करीत. कित्येकदा करीतही नसत. या औदार्याचे गोडवे पुष्कळ गायिले गेले. परंतु त्याची किंमत घरातील मुले व त्यांची आई मोजत होती, हे नमूद करणे आवश्यक आहे. स्वतःच्या मुलाला 'तू एकटा नाहीस' हे शिकविणे निराळे, आणि त्याच्या वाटणीचे गृहीत धरून देऊन टाकणे निराळे. लक्ष्मीबाईंनी हा हिशेब विनोदाने सांगितला म्हणून तो हलका होत नाही. घराची कुवत आणि बापाचे स्वप्न यांच्यामध्ये त्या उभ्या होत्या आणि दोन्ही बाजूंचा भार सहन करीत होत्या.

या घरात वाढलेल्या मुलग्यांपैकी एक ख्रिस्ती नव्हता व पुढेही झाला नाही. १९०७ मध्ये जळगाव येथे डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांच्या अध्यक्षतेखाली कविसंमेलन भरले. त्यात धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे (१८९०–१९१८) या कोवळ्या वयाच्या मुलाने कविता म्हणून सभा जिंकली व 'बालकवी' ही पदवी मिळविली. टिळकांनी त्याला आपल्या घरी आणले. अहमदनगरच्या त्या घरात ठोंबरे रुसत, भांडत, कविता लिहीत वाढले आणि लक्ष्मीबाईंनी त्यांना पोटच्या मुलासारखे सांभाळले. ब्राह्मण घरातील मुलगा मिशनच्या आवारात राहतो, ही बाब त्या काळी संशयास पात्र ठरणारी होती. टिळक धर्मप्रचारक होते. मतांतर घडविणे हा त्यांच्या कामाचा भाग होता. असे असूनही ठोंबऱ्यांचा धर्म ठोंबऱ्यांचाच राहिला. श्रीपत शेषाद्रीच्या प्रकरणापासून पाऊणशे वर्षांच्या आत मराठी ख्रिस्ती घर या ठिकाणी पोहोचले होते. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वे अपघातात बालकवींचा अंत झाला. टिळकही त्यानंतर साधारण वर्षभराने, ९ मे १९१९ रोजी वारले.

ख्रिस्ती घराची दिनचर्या

टिळकांच्या घराबाहेर येऊन सर्वसाधारण मराठी ख्रिस्ती घरातील मुलाचा दिवस पाहिला तर काय दिसते? प्रॉटेस्टंट घरांत सायंकाळची कौटुंबिक प्रार्थना हा दिनक्रमाचा कणा मानला जातो. दिवेलागणीनंतर घरातील मंडळी एकत्र बसतात, पवित्र शास्त्रातील एखादा भाग वाचला जातो, गीत होते व प्रार्थना होते. शुभंकरोतीची वेळ आणि या प्रार्थनेची वेळ एकच आहे, हा केवळ योगायोग नव्हे. मराठी घराचे घड्याळ धर्म बदलल्याने बदलत नाही. शास्त्रातील उतारा वाचण्याचे काम बहुधा अक्षरओळख झालेल्या मुलाकडे सोपविले जाते. वाचन ही येथे घरातली जबाबदारी असते. त्यामुळे अडखळत का होईना, ते रोज करावे लागते. लहानपणी प्रभूची प्रार्थना, दहा आज्ञा, तेविसावे स्तोत्र पाठ होते. रविवारी उपासनेबरोबर शब्बाथ शाळा असते. कॅथलिक घरांत जपमाळ म्हटली जाते. योग्य वयात प्रथम ख्रिस्तशरीर-स्वीकार व पुढे दृढीकरण हे संस्कार होतात. मुंजीप्रमाणे 'आता तू मोठा झालास' असे सांगणारा संस्कार येथेही आहे, फरक असा की तो मुलगा व मुलगी या दोघांसाठी एकच आहे. सर्वच बाबतींत मात्र अशी समानता नव्हती. कॅथलिक वेदीवर पुरोहिताला साहाय्य करणारे वेदीसेवक दीर्घकाळ मुलगेच असत. १९९४ मध्ये रोमने मुलींनाही मुभा असल्याचे स्पष्ट केले. पौरोहित्य आजही पुरुषांकडेच आहे.

शिस्तीच्या प्रश्नावर पवित्र शास्त्र एका सुरात बोलत नाही. नीतिसूत्रांच्या पुस्तकात छडीची शिफारस आहे, तर इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात बापांनी मुलांना चिडीस आणू नये असे बजावले आहे. छडीशिवाय विद्या येत नाही असे मानणाऱ्या मराठी समाजात पहिल्या वचनाला श्रोते सहज लाभले. दुसरे वचन मात्र खऱ्या अर्थाने नवे होते. मुलाच्या मनाला लागेल असे वागण्याबद्दल बापालाही उत्तर द्यावे लागेल, ही कल्पना कर्त्या पुरुषाच्या परंपरागत प्रतिमेत बसणारी नव्हती. लूककृत शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राच्या दृष्टांतात तर वृद्ध बाप स्वतःहून धावत सुटतो आणि वाटा उधळून आलेल्या मुलाच्या गळ्यात पडतो. वाड्याच्या ओसरीवर बसून मुलाने पाया पडण्याची वाट पाहणारा बाप आणि हा धावणारा बाप यांमधील अंतर फार मोठे आहे. किती मराठी ख्रिस्ती बाप प्रत्यक्षात असे धावले, हा वेगळा प्रश्न.

टिळकांच्या गीतांनी यात आणखी एक भर घातली. तुकोबांच्या मार्गाने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची धारणा होती. त्यांच्या भक्तिगीतांत ख्रिस्त अनेकदा माउलीच्या रूपात येतो. मराठी मंडळ्यांत वापरल्या जाणाऱ्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात त्यांची गीते मोठ्या संख्येने समाविष्ट आहेत. त्यामुळे ख्रिस्ती घरातील मुलगा प्रार्थनेत देवाला 'बापा' म्हणतो आणि गीतात त्याच देवाला आई म्हणतो. पंढरीच्या वारकऱ्याला यात वावगे काहीच वाटणार नाही. देव म्हणजे कठोर न्यायाधीश, ही काही मिशनऱ्यांनी आणलेली प्रतिमा मराठी घरात येता येता अशी मवाळ झाली.

सणांच्या बाबतीत तर मराठीपण अधिकच ठळक आहे. नाताळात करंज्या, लाडू, शंकरपाळे, चकल्या होतात आणि शेजारीपाजारी ताटे जातात. लग्नात हळद लागते, अनेक घरांत मंगळसूत्रही असते. फराळ करताना करंज्यांना मुरड घालण्यास मुलींना बसविले जाते आणि मुलगे चांदणी टांगण्यास पाठविले जातात. कामांची ही वाटणी शुभवर्तमानातून आलेली नाही. ती शेजारच्या घरांतून जशीच्या तशी उचललेली आहे.

कायदा आणि मुलगा

मुलगा कशासाठी वाढविला जातो, याचे एक उत्तर वारसाहक्काच्या कायद्यात मिळते. हिंदू एकत्र कुटुंबात मुलाला जन्मतःच वडिलोपार्जित मिळकतीत हिस्सा मिळे. मुलींना हा सहदायिकीचा हक्क महाराष्ट्रात १९९४ मध्ये व देशभर २००५ मध्ये मिळाला. ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेल्या भारतीय वारसा कायद्यात (१८६५, व नंतर १९२५) जन्मसिद्ध हक्काची कल्पनाच नाही. वडील हयात असेतो मिळकत त्यांची. मृत्युपत्र नसेल तर विधवेचा वाटा वजा जाता मुलगे व मुली यांना समान हिस्सा. म्हणजे कागदोपत्री तरी ख्रिस्ती घरातील मुलाला बहिणीपेक्षा अधिक काही मिळत नव्हते. प्रत्यक्ष व्यवहारात बहिणींकडून हक्क सोडवून घेण्याचा प्रघात किती घरांत चालला, हे निराळे सांगावयास नको. शिवाय मिशनच्या आश्रयाने जगणाऱ्या बहुसंख्य कुटुंबांकडे वाटण्यासारखी मिळकत नव्हतीच. त्यांच्या मुलांचा वारसा म्हणजे शाळा. अहमदनगरच्या सर डी. एम. पेटिट औद्योगिक शाळेसारख्या संस्थांतून मिशनच्या मुलांना हातांच्या कामांचे शिक्षण मिळाले आणि सुतारकी, विणकाम, शिक्षकी यांनी कित्येक घरे उभी केली. ज्यांच्या आज्यांना गावाच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते, त्यांच्या नातवंडांपैकी काही महाविद्यालये स्थापणारे निघाले.

पालकत्वाच्या बाबतीत मात्र काळाने उलटी दिशा घेतली. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम ६ नुसार जी व्यक्ती हिंदू राहिलेली नाही, तिला हिंदू अल्पवयीन मुलाचा नैसर्गिक पालक म्हणून काम करता येत नाही. या कायद्याखाली टिळक दत्तूचे नैसर्गिक पालक ठरले नसते. न्यायालये अशा वादांत मुलाचे हित सर्वोपरी मानतात, ही त्यातील दिलाशाची बाब. आणि टिळकांच्या घरातील अनाथ मुलांविषयी म्हणावयाचे, तर ख्रिस्ती व्यक्तींसाठी दत्तकाचा स्वतंत्र कायदा आजही नाही. २००० च्या बालन्याय कायद्याने व २००६ मधील त्याच्या दुरुस्तीने सर्व धर्मीयांना दत्तक घेण्याचा मार्ग मोकळा केला. तोवर अशी मुले कायद्याच्या लेखी फार तर पालकत्वाखालची.

दाखल्यावरील रकाना

मराठवाडा व अहमदनगर भागांतील ख्रिस्ती घरांतील बापाला एक कठीण निर्णय मुलाला पहिलीत घालतानाच घ्यावा लागतो. तो निर्णय म्हणजे धर्म व जातीचा रकाना. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा मूळतः हिंदू धर्मीयांपुरता ठेवण्यात आला. १९५६ मध्ये शीख व १९९० मध्ये बौद्ध यांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती झालेल्या दलित कुटुंबांना तो मिळत नाही. महाराष्ट्रात त्यांची गणना इतर मागासवर्गात होते. गावातील वागणूक तीच, शिवेबाहेरची वस्ती तीच, परंतु सवलत निराळी. परिणामी रविवारी उपासनेस जाणारे, घरी रोज शास्त्र वाचणारे असे कितीतरी मुलगे शाळेच्या दाखल्यावर जुन्या जातीच्या नावानेच राहतात. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला.

यास ढोंग म्हणणे सोपे आहे. परंतु ज्या घरात खोटे बोलू नये ही आज्ञा मुलाकडून पाठ करवून घेतली जाते, त्याच घरात मुख्याध्यापकांपुढे काय लिहावयाचे याची कुजबुज होते तेव्हा मुलाच्या मनात काय चालत असेल, याचा विचार धोरण ठरविणाऱ्यांनी करावयास हवा. टिळकांसारख्या ब्राह्मण घरातून आलेल्या कुटुंबाला धर्मांतरामुळे प्रतिष्ठा गमवावी लागली, हे खरे. तरी आडनाव, विद्या व भाषा ही पुंजी त्यांच्या हाती राहिली. बेथेलच्या वसाहतीत आलेल्या मांगाच्या मुलापाशी गमावण्यासारखे काही नव्हते, आणि मिळविलेले टिकविण्यासाठी त्याच्या पणतवंडालाही दाखल्यावर नाव लपवावे लागते. मराठी ख्रिस्ती घराचा इतिहास केवळ 'स्मृतिचित्रे'वरून लिहिता येणार नाही, तो याकरिता.

देवदत्ताचा वाटा

मुंज नाही, श्राद्ध नाही, वडिलोपार्जित वाडा नाही. मग दत्तूने पुत्र म्हणून केले ते काय? टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचे काम सोडून संन्यस्त वृत्तीने 'देवाचा दरबार' उभारण्यास आरंभ केला आणि दोन वर्षांत ते गेले. मागे राहिले ते 'ख्रिस्तायन' या महाकाव्याचे साडेदहा अध्याय. देवदत्तांना वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते, म्हणून त्यांनी आईला आठवणी लिहून काढण्यास सांगितले. जोडाक्षरांशी आयुष्यभर झगडलेल्या लक्ष्मीबाई लिहू लागल्या. चरित्राचे साधन म्हणून सुरू झालेले हे लेखन 'संजीवनी'मधून क्रमशः प्रसिद्ध झाले आणि १९३४ ते १९३६ या काळात 'स्मृतिचित्रे'च्या रूपाने चार भागांत वाचकांपुढे आले. शेवटच्या भागाचे काम लक्ष्मीबाईंच्या निधनानंतर देवदत्तांनी पुरे केले. 'ख्रिस्तायना'चे पुढील चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले, आणि शहात्तरावा, अखेरचा अध्याय देवदत्तांनी लिहून १९३८ मध्ये ग्रंथ प्रकाशित झाला. त्यांचे पुत्र अशोक टिळक यांनी पुढे आजीच्या पुस्तकाची साक्षेपी आवृत्ती सिद्ध केली.